थेंबाचा हिशेब

प्रमाणबद्ध प्रतिकृती घडविण्याच्या छंदात मतभेदांना तोटा नाही. विमानाला रंग कुंचल्याने द्यावा की फवाऱ्याने, युद्धात राबलेल्या यंत्राच्या अंगावर धूळ आणि काजळी दाखवावी की ते कारखान्यातून नुकतेच बाहेर पडल्यासारखे नितळ ठेवावे, खोक्यात आले तेवढ्याच भागांवर समाधान मानावे की पितळेचे आणि रेझिनचे जादा भाग मागवून खिशाला नसती तोशीस लावून घ्यावी, असे कितीतरी वाद या मंडळींत वर्षानुवर्षे चालू आहेत. त्या सर्वांत दिसायला क्षुल्लक, परंतु प्रत्येकाच्या हातून रोज घडणाऱ्या कृतीशी निगडित असल्यामुळे वस्तुतः सर्वांत महत्त्वाचा वाद म्हणजे सुपरग्लू किती लावावा हा होय. आपल्याकडे फेविक्विक या एका व्यापारी नावानेच सर्रास ओळखला जाणारा हा पाण्यासारखा पातळ द्रव बोटभर नळीतून येतो, आणि नळी दाबणाऱ्याचा स्वभाव जसा असेल त्याप्रमाणे तिच्यातून थेंब तरी पडतो किंवा ओघळ तरी सुटतो.

पुढील संवाद ज्या दोन गृहस्थांचा आहे त्यांचे स्वभाव त्यांच्या नोकऱ्यांनी घडविलेले आहेत. नानासाहेबांची हयात महसूल खात्यात, जमाबंदीची दफ्तरे तपासण्यात आणि फाजील खर्चावर लाल शाईने शेरे मारण्यात गेली. बापूराव रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फोरमनच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. उभयतांच्या समोर टेबलावर १/७२ प्रमाणातील स्पिटफायर अर्धवट अवस्थेत पडलेले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आपल्या हवाई दलानेही उडविलेले हे लढाऊ विमान या प्रमाणात पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १५६ मिलिमीटर भरते, म्हणजे वीतभरही नाही. वैमानिकाच्या आसनावर पितळेचे पट्टे चिकटविण्याची वेळ आली आणि नानासाहेबांनी नळी बाजूला ठेवून सुई हातात घेतली, तेव्हा बापूरावांना राहवले नाही.

बापूराव : नानासाहेब, तुमची ही कंजुषी मला उमगत नाही. चार-दोन रुपयांची ती नळी. एकदा तिचे तोंड उघडले की उरलेला माल थोड्याच दिवसांत आतल्या आत दगड होऊन बसतो. तुम्ही निम्मी नळी वाचविलीत म्हणून ती काही सरकारजमा होणार नाही. जे नाहीतरी वाळून वाया जायचे, ते सांध्यात गेले तर बिघडले कुठे? आमच्याकडे शिरस्ता असा होता, की सांधा एकदा घातला म्हणजे तो पुन्हा उघडता कामा नये; आणि जादा झालेले काय ते नंतर कानसेने उतरविता येते. गवंडीसुद्धा भिंत रचताना चुना हातचा राखून लावीत नाही.

नानासाहेब : ही काटकसर पैशाची आहे, हे तुम्ही परस्पर गृहीत धरलेत. मी वाचवितो तो द्रव नव्हे. मी वाचवितो तो विमानाचा पृष्ठभाग. या पंखावर पत्र्यांच्या जोडांच्या ज्या केसासारख्या रेषा कोरलेल्या आहेत, त्या कोरण्यासाठी कारखान्यात साचा करणाऱ्याने डोळे फोडून घेतलेले असतात, आणि तुमचा एक ओघळ तेथे पोचला की त्या रेषा कायमच्या बुजतात. कानसेने ओघळ जाईल, परंतु त्याच्याबरोबर रेषाही जाईल. शिवाय प्रमाणाचा हिशेब विसरू नका. येथे अर्धा मिलिमीटर फुगवटा राहिला, तर खऱ्या विमानावर तो बहात्तर पटीने, म्हणजे ३६ मिलिमीटरांचा होतो. लढाऊ विमानाच्या अंगावर जवळजवळ दीड इंचाची सूज कोणत्या खात्याने मंजूर केली असती? आणि गवंड्याचाच दाखला घ्यायचा, तर सिन्नरच्या गोंदेश्वराचाही घ्या. हेमाडपंती देवळात दगडावर दगड चुन्याविना बसविलेला आहे आणि शतके लोटली तरी तो उभा आहे. तेथे जोड टिकला तो घडाईमुळे.

बापूराव : देऊळ कोणी उचलून एका कपाटातून दुसऱ्या कपाटात ठेवीत नाही. माझी विमाने नातवंडे हाताळतात, आणि हाताळावीत अशीच माझी इच्छा आहे. केवळ काचेआड ठेवून पाहण्याची वस्तू मला घडवायची नाही. घर बदलताना निम्म्या विमानांची चाके गळून पडलेली मी पाहिली आहेत. तेव्हा तुमच्या सौंदर्याला माझा मुजरा. परंतु आधी मजबुती, मग देखणेपणा, हा माझा क्रम आहे, आणि मजबुती हवी तर माल सढळ हाताने घालावा लागतो.

नानासाहेब : येथेच तुमची गफलत होते आहे, कारण सुपरग्लूच्या बाबतीत सढळपणा आणि मजबुती यांचे नाते उलटे आहे. डिंक वाळतो म्हणजे त्यातील पाणी उडून जाते. या द्रवाचे तसे नाही. सायनोॲक्रिलेट या वर्गातील याचे रेणू नळीत सुटे सुटे असतात. कोणत्याही पृष्ठभागावर बाष्पाचा एक अदृश्य थर नेहमीच बसलेला असतो. त्याचा स्पर्श झाला की हे रेणू एकमेकांत गुंतून त्यांच्या लांबच लांब साखळ्या बनतात आणि द्रव घट्ट होतो. हे नळीतच घडू नये म्हणून कारखानदार त्यात यत्किंचित आम्ल मिसळतो. आता थर कागदापेक्षाही पातळ असेल, तर दोन्ही बाजूंच्या बाष्पाचा परिणाम मध्यापर्यंत तत्काळ पोचतो आणि काही क्षणांत सांधा पकडतो. थर जाड असेल, तर कडा तेवढ्या आवळतात, वरती पापुद्रा धरतो, आणि पोटात द्रव तसाच राहतो. तुम्ही भाग धरून बसता, धीर सुटून बोट काढता, आणि भाग हळूच तिरका होतो. मग तुम्ही म्हणता की नळी बनावट निघाली.

बापूराव : तसे मी म्हटलेले आहे, हे कबूल. परंतु ज्या वस्तूने माणूस उचलता येतो, तिच्या ताकदीवर तुम्ही अविश्वास दाखविता याचे नवल वाटते. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवरचा तो प्रयोग तुम्हीच मला सांगितला होता.

नानासाहेब : सांगितला होता, आणि तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे. हॅरी कूव्हर या ईस्टमन कोडॅकच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये त्या कार्यक्रमात निवेदक गॅरी मूर याला जमिनीवरून उचलून दाखविले, ते एका थेंबाच्या जोडावर. नळीभर द्रवाच्या जोडावर नव्हे. सपाट धातूच्या दोन तोंडांमध्ये तो थेंब दाबून पसरला, पापुद्र्याएवढा पातळ झाला, म्हणूनच त्याने एवढा भार पेलला. दुसरे असे, की ती ओढ सरळ होती. हा घट्ट झालेला पदार्थ सरळ ओढीला सहजी दाद देत नाही. परंतु आडवा टोला बसला किंवा कडेपासून सोलल्यासारखा ताण आला, की काचेसारखा तडकतो. तुमच्या विमानांची चाके गळाली ती द्रव कमी पडला म्हणून नव्हे. चाकाला बसणारा धक्का आडवा असतो, आणि आडव्या धक्क्यापुढे या द्रवाचा जाड थर हतबल ठरतो.

बापूराव : कूव्हरचे नाव निघाले म्हणून विचारतो. हा मनुष्य चिकटविण्याचे साधनच शोधत होता काय?

नानासाहेब : मुळीच नाही, आणि त्या हकिकतीत आपल्या धंद्यापुरता एक मजेदार विरोधाभास आहे. १९४२ मध्ये, ऐन युद्धात, त्याच्या तुकडीचा शोध चालला होता तो बंदुकीचा नेम धरण्याच्या साधनासाठी लागणाऱ्या स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकचा. सायनोॲक्रिलेट हाती आले, परंतु ते ज्याला लागेल त्याला चिकटे, म्हणून निरुपयोगी ठरवून ते दप्तरदाखल करण्यात आले. पुढे १९५१ मध्ये टेनेसी राज्यातील किंग्जपोर्ट येथे, जेट विमानाच्या कॅनपीसाठी, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणासाठी, उष्णता सोसणारे प्लॅस्टिक शोधण्याच्या कामात, त्याचा सहकारी फ्रेड जॉयनर याने त्याच वर्गातील एक द्रव प्रकाशाचे वक्रीभवन मोजणाऱ्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये पसरला आणि लोलक जे चिकटले ते सुटेनात. महागाचे उपकरण गेले. परंतु ज्या दोषापायी पदार्थ बाद झाला होता, तोच त्याचा गुण आहे, हे या वेळी कूव्हरच्या ध्यानात आले. १९५८ मध्ये तो ईस्टमन ९१० या नावाने बाजारात आला. आता विरोधाभास असा, की विमानाची कॅनपी घडविण्याच्या खटपटीतून ज्याची खरी ओळख पटली, तोच पदार्थ आपल्या छोट्या विमानाच्या कॅनपीचा अव्वल वैरी आहे.

बापूराव : ती पांढरी भुकटी म्हणता ना? माझी कितीतरी विमाने त्या धुक्याने आंधळी केली. मला वाटे, बोटांचा घाम लागला.

नानासाहेब : घामाचा संबंध आहे, परंतु निराळा. द्रव घट्ट होत असताना त्याच्या वाफा निघतात, आणि त्या आसपासच्या पृष्ठभागावर बसून तेथेच घट्ट होतात. काचेसारख्या प्लॅस्टिकवर तो थर पांढऱ्या साक्यासारखा दिसतो. बोटाचा ठसा जेथे उमटला असेल तेथे तर वाफा अधिकच धरतात. गुन्हे-अन्वेषण खात्याने हाच धर्म हाताशी धरलेला आहे: संशयित वस्तू बंद पेटीत ठेवून सायनोॲक्रिलेट तापवितात, आणि जो ठसा डोळ्यांना दिसत नव्हता त्याच्या रेषा पांढऱ्या होऊन वर येतात. पेटी बंद असावी लागते, हे ध्यानात घ्या. आता तुम्ही काय करता? विमानाच्या पोटात सढळ हाताने द्रव ओतता, ताबडतोब दोन्ही कुशी मिटता आणि वरून कॅनपी बसविता. म्हणजे ठसे उमटविण्याची पेटी तुम्ही आपण होऊन तयार केलीत, आणि त्यात काचेवरचा तुमचा स्वतःचा ठसा पुराव्यादाखल ठेवला. जेवढा द्रव जास्त, तेवढी वाफ जास्त. कॅनपीला सुपरग्लू लावूच नये. तेथे फेविकॉलसारखा पांढरा, पाण्यात मिसळणारा गोंद पुरतो. तो वाळला की पारदर्शक होतो, आणि चुकून बाहेर आला तर ओल्या कुंचल्याने पुसता येतो. आत सुपरग्लू वापरला असेल, तर विमान रात्रभर उघडे ठेवून हवा खेळू द्यावी आणि मगच काच बसवावी.

बापूराव : बरे, काचेपुरता तुमचा अंमल मी मान्य केला. परंतु या द्रवाचा तुम्ही जो एकच उपयोग धरून चालला आहात, तो मला मंजूर नाही. पंख आणि धड यांच्या सांध्यात फट राहते. कोणतेही किट घ्या, ती राहतेच. तेथे मी सुपरग्लू ओततो, वर खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकतो, तत्क्षणी ते कडक होते, आणि मग घासून सपाट करतो. पुट्टी लावली तर ती आकसते, दुसऱ्या दिवशी खळगा पडतो, पुन्हा लावा, पुन्हा वाट पाहा. माझी फट एका बैठकीत बुजते. येथे तुमची सुई काय करणार?

नानासाहेब : काही करणार नाही, हे मी विनातक्रार कबूल करतो. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे द्रवातील आम्लाचा बंदोबस्त होतो आणि जाड थरही एकदम आवळतो, हे शास्त्राला धरूनच आहे. परंतु तुमच्या या पद्धतीने बुजविलेला सांधा रंग दिल्यावर उठून दिसतो, हे मी एकदोनदा पाहिले आहे. याचे कारण तुम्ही सांगाल काय?

बापूराव : कारण मला ठाऊक आहे, आणि तेथे कारखान्याचे शिक्षण उपयोगी पडते. सोडा घातलेला भराव दगडासारखा होतो आणि बाजूचे पॉलिस्टायरिन, म्हणजे विमानाचे प्लॅस्टिक, त्या मानाने मऊ असते. पॉलिश पेपर मोकळ्या हाताने फिरविला, की तो कठीण भागावरून घसरतो आणि मऊ भाग खातो. मधे उंचवटा आणि दोन्ही अंगांना घळ, असा प्रकार होतो. यास्तव पेपर लाकडाच्या सपाट पट्टीवर गुंडाळून घासावा लागतो. सोडा न घालता नुसता द्रव थराथराने भरला, तर तो सुरुवातीला प्लॅस्टिकइतकाच घासला जातो. मात्र ते काम तासाभरात उरकले पाहिजे. रात्र उलटली की तोही प्लॅस्टिकपेक्षा कठीण होतो आणि मग तेच रडगाणे. ज्यांना घाई नाही त्यांनी या कामाच्या वाटेला जाऊ नये.

नानासाहेब : ही माहिती मला नवी आहे आणि मोलाची आहे. मी ताकीद म्हणून एवढेच जोडीन, की हे काम चिकटविण्याचे नव्हे. तेथे जो द्रव तुम्ही ओतता तो दोन भाग धरून ठेवीत नाही. ते आधीच धरलेले असतात. तेथे तो भराव आहे, आणि भरावाचा हिशेब निराळ्या सदरात मांडावा लागतो. तुमच्या-माझ्या तंट्याचे मूळ मला येथे दिसते: एका नळीतून दोन खात्यांचा खर्च होतो, आणि तुम्ही भरावाची मंजुरी दाखवून जोडाच्या खात्यातून उधळपट्टी करता.

बापूराव : हा शेरा मी स्वीकारतो, परंतु मग जोडाच्या खात्यात तरी हा द्रव हवा कशाला? प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायचे तर ते पातळ सिमेंट आहेच. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते.

नानासाहेब : अगदी यथार्थ बोललात. प्लॅस्टिकच्या सांध्यासाठी मी तेच वापरतो. परंतु ते प्लॅस्टिकखेरीज कशालाही विरघळवीत नाही. पितळ, रेझिन, पांढरा धातू यांच्यापुढे ते निष्प्रभ आहे. तेथे सुपरग्लूवाचून गत्यंतर नाही, आणि नेमके तेच भाग सर्वांत नाजूक असतात. हा पट्टाच पाहा. खरा पट्टा दोन इंच रुंदीचा धरला, तर आपल्या प्रमाणात तो पाऊण मिलिमीटरहूनही कमी भरतो. त्यावर नळीतून थेंब सोडणे म्हणजे पट्टा थेंबाखाली बुडविणे होय. आता माझी सुई पाहा. हे जाड सुईचे नेढे आहे; त्याचा शेवटचा गोलाकार मी पकडीने तोडला आणि दगडावर घासून दोन टोकांचा चिमुकला काटा केला. नळीतला एक थेंब या पांढऱ्या टाइलच्या तुकड्यावर घेतला. काटा त्यात टेकविला की केशाकर्षणाने दोन टोकांमध्ये मोहरीच्या दाण्याच्याही अंशाएवढा द्रव धरला जातो. पट्टा मी मेण लावलेल्या काडीने उचलून आसनावर कोरडाच ठेवला, तो सरळ आहे याची खात्री केली, आणि आता काट्याचे टोक त्याच्या कडेला नुसते टेकवितो. पाहा, काट्यातला द्रव दिसेनासा झाला. तो मी ढकलला नाही. फटीने तो ओढून घेतला. फटीला जेवढा हवा होता तेवढाच तिने घेतला, आणि उरलेला काट्यातच राहिला. प्रमाण मी ठरविलेले नाही, बापूराव. ते सांध्याने ठरविले.

बापूराव : हे मात्र पाहण्यासारखे आहे. तुमच्या त्या काट्यावर द्रव साचून तो बुजत नाही काय?

नानासाहेब : बुजतो. थोडी कामे झाली की मेणबत्तीच्या ज्योतीत क्षणभर धरावा. साचलेले जळून जाते. मात्र तो धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून खिडकी उघडी ठेवून आणि तोंड लांब धरून. टाइलवरचा थेंबही पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, लवकर चिकट होतो. तो खरवडून नवा घ्यावा, जुन्यावरच काम रेटू नये. नळीचे म्हणाल, तर तोंड पुसून, झाकण घट्ट लावून, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डबीत फ्रिजमध्ये ठेवली की ती कितीतरी अधिक टिकते. परंतु बाहेर काढल्यावर ती खोलीइतकी कोमट होईपर्यंत उघडू नये; थंड तोंडावर हवेतील बाष्प दव होऊन जमते, आणि हा द्रव ज्याची वाट पाहत असतो तेच त्याला आयते मिळते.

बापूराव : आमच्याकडे नळीचे तोंड चोंदले की दात लावून उघडणारे महाभाग होते. सांडले तर अंगावरच्या गंजीफ्रॉकलाच हात पुसायचे.

नानासाहेब : यापैकी पहिले मूर्खपणाचे आणि दुसरे धोक्याचे. सुती किंवा लोकरीच्या कापडात हा द्रव मुरला की तो इतक्या झपाट्याने घट्ट होतो की चटका बसण्याजोगी उष्णता आणि प्रसंगी धूर निघतो. कापूस किंवा चिंधी हाती धरून सांडलेले टिपणे म्हणजे पोळून घेण्याचे निमंत्रण होय. बोटे चिकटली तर ओढाताण करू नये. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून एक बोट दुसऱ्यावरून सावकाश गोल फिरवावे, म्हणजे ती सुटतात. कातडी ओढून वेगळी केली तर ती निघूनच येते. ॲसिटोनने काम लवकर होते, परंतु ती बाटली विमानापासून दूर ठेवावी, कारण ॲसिटोन पॉलिस्टायरिनला विरघळवून टाकते. जादा द्रव लावून नंतर ॲसिटोनने स्वच्छ करू, असे मनात आणणाऱ्याचे विमानच स्वच्छ होते.

बापूराव : नानासाहेब, तुमच्या सुईपुढे मी हार मानतो, परंतु माझा मूळ अर्ज अजून निकालात निघालेला नाही. रेझिनचे हे जड चाक प्लॅस्टिकच्या पायावर बसवायचे आहे. सांधा एक-दीड मिलिमीटरचा. तुम्ही म्हणता आडव्या धक्क्याला हा द्रव टिकत नाही. जास्त लावून उपयोग नाही हे तुम्ही मला पटविले. मग कमी लावल्याने तो टिकेल काय? नातवाने विमान टेबलावर टेकविले की चाक हातात येणार, ते येणारच.

नानासाहेब : येणार, हे खरे. या प्रश्नाचे उत्तर माझ्या दफ्तरात नाही. ते तुमच्या कारखान्यात असावे. दोन लोखंडी तुकडे सरकू नयेत म्हणून तुम्ही काय करीत होता?

बापूराव : डॉवेल घालीत होतो, म्हणजे दोहोंना भोक पाडून आत पिन. अहो, अगदी खरे! अर्ध्या मिलिमीटरच्या बिटाने हातातल्या पिन-वाईसने पायाला भोक पाडावे, चाकाला समोरासमोर दुसरे, आणि पितळेच्या तारेचा तुकडा दोन्हींत बसवावा. आडवा धक्का तारेवर जाईल. द्रवाने फक्त तार निसटू न देण्याचे काम करायचे, आणि त्यासाठी भोकात तुमच्या सुईवरचा तेवढासा थेंब भरपूर झाला. बाहेर एक टिपूसही येणार नाही.

नानासाहेब : पाहा, मजबुती तुम्ही मागत होता, आणि ती देण्याची ऐपत धातूत होती. द्रवाकडून तुम्ही त्याच्या अधिकाराबाहेरचे काम मागत होता, म्हणून तो तुम्हांला सतत अपुरा वाटे.

बापूराव : आणि तुम्ही, नानासाहेब, तो इतका कमी लावीत होता, की तुमच्या विमानांना हात लावण्याची परवानगी घरातल्या मुलांना कधीच मिळाली नाही. देखणे ठेवण्याच्या नावाखाली तुम्ही ते तकलुपी ठेविले, हा माझा शेरा तुमच्या दफ्तरीही नोंदवून घ्या.

नानासाहेब : नोंदविला. पुढच्या विमानाला खुंट्या तुम्ही घालायच्या.

संवाद येथे संपला. त्यात कोणाचा जय झाला हे ठरविण्याची तसदी वाचकाने घेऊ नये, कारण वाद दोन स्वभावांचा वाटला तरी त्याचा फैसला स्वभावावर अवलंबून नव्हता. तो पदार्थाच्या धर्माने आधीच केलेला होता. जेथे दोन पृष्ठभाग खरोखर एकमेकांना भिडतात तेथे सुईच्या टोकावर मावेल तेवढाच थेंब पुरतो, आणि त्याहून अधिक लावणे म्हणजे सांधा कमजोर करण्यासाठी श्रम घेणे होय. जेथे फट आहे तेथे उदारपणे भरावे, परंतु तो भराव आहे हे ओळखून त्याच बैठकीत घासून टाकावा. जेथे धक्का सोसायचा आहे तेथे तार घालावी. आणि काचेच्या जवळ ही नळी आणूच नये. या चारही नियमांच्या मुळाशी एकच शिस्त आहे, आणि तिचा द्रवाशी काहीही संबंध नाही. प्रत्येक भाग आधी कोरडाच जुळवून पाहावा, खडबडीत कड कानसेने साफ करावी, पुन्हा जुळवावा, उजेडासमोर धरून फट दिसते का ते तपासावे, आणि तो बोटांच्या नुसत्या आधाराने जागच्या जागी राहू लागला की मगच नळीचे झाकण काढावे. ज्याला हातातला भाग बसत नाही म्हणून नळी अधिक दाबावीशी वाटते, त्याने नळी खाली ठेवून कानस उचलावी. सुपरग्लू किती लागणार हे नळी उघडण्यापूर्वीच ठरलेले असते.